हरकत आणि आपत्ती

काशीत मणिकर्णिकेपासून पंचगंगेच्या दिशेने पायऱ्यापायऱ्यांनी निघाले, की शिंदे घाट मागे पडतो, संकठा घाट आणि गंगामहाल ओलांडला जातो आणि पुढे एक उंच, धिप्पाड दगडी वास्तू उभी राहते. वरच्या अंगाला लहान लहान खिडक्या, खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. हा भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधविला. महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू इथवर आला, की त्याची मान नकळत ताठ होते. शिंदे, होळकर, पेशवे, भोसले अशी नावे ओळीने ऐकताना परमुलखात आपल्याच घरच्या वहीची पाने उलटली जात आहेत असे त्याला वाटते. या अभिमानात गैर काही नाही. मात्र त्याच पायऱ्यांवर थोडा वेळ निवांत बसले, की एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. हा घाट बांधताना भोसल्यांनी कोणाला विचारले असेल? इथे होडी लावणाऱ्या नावाड्याला? धुणे धुणाऱ्या परटाला? पावसाळ्यात ज्यांच्या दाराशी पाणी चढत होते त्या गल्लीतल्या रहिवाशांना? बहुधा कोणालाच नाही. राजाने विचारावे असा रिवाज नव्हता आणि आपल्याला विचारले जावे अशी प्रजेची अपेक्षा नव्हती. घाट हे दान होते, आणि दानाला कोणी हरकत घेत नाही.

आज या घाटासमोरच्या पाण्याचे काय करायचे हे ठरविणारा राजा नाही. संविधान आहे, १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळे आहेत, २०१० पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, आणि लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याची लेखी तरतूदही आहे. असे असूनही या साऱ्या व्यवस्थेचा स्वभाव दात्याचाच राहिला आहे, असे माझे म्हणणे आहे. लोकांना बोलू दिले जाते. त्यांना उत्तर दिले जात नाही. ज्या सुनावणीला उत्तराचे बंधन नाही, तिला सुनावणी म्हणणे ही भाषेचीच फसवणूक आहे. प्रस्तुत लेखाचा वाद एवढ्याच मुद्द्याशी आहे.

भाषेचा उल्लेख येथे ओघात आलेला नाही. आपल्या वर्तमानपत्रांत कोपऱ्यात बारीक टायपात छापल्या जाणाऱ्या सरकारी जाहीर सूचनांचे एक ठरीव वाक्य आहे: ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. नागरिकाने कायदेशीरपणे उच्चारलेला विरोधाचा शब्द. मूळ शब्द अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ हालचाल, गती. हिंदीत तो आगळीक, खोडी, नको ते कृत्य या अर्थाने रुळला. मराठीत ज्याला हरकत म्हणतात त्याला हिंदीत ‘आपत्ति’ म्हणतात, आणि आपत्ती म्हणजे मराठी माणसाच्या लेखी भूकंप, महापूर, दुष्काळ. आपले ‘ना हरकत प्रमाणपत्र’ काशीच्या कचेरीत ‘अनापत्ति प्रमाणपत्र’ होते. दोन जवळच्या भाषांमधला हा घोळ एरवी गमतीचा वाटला असता. परंतु प्रशासनाच्या मनात हे दोन्ही शब्द नेमके पलीकडच्या भाषेतले अर्थ घेऊन बसलेले दिसतात. मराठी माणसाने घेतलेली हरकत त्याला हिंदीतली हरकत वाटते, म्हणजे खोडसाळपणा. आणि काशीकराची आपत्ति त्याला मराठीतली आपत्ती वाटते, म्हणजे कसेही करून टाळावयाचे संकट. राहता राहिला ‘ना हरकत’चा कागद. त्यावर लोकांची हरकत नसल्याची ग्वाही कुठेच नसते. एका कचेरीला दुसऱ्या कचेरीच्या निर्णयाविषयी काही म्हणावयाचे नाही, एवढेच तो सांगतो. कालांतराने मात्र तोच कागद लोकांसमोर धरून त्यांना विचारले जाते, की आता तुम्ही हरकत घेणारे कोण?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी, आणि गंगेच्याच संदर्भात, दिलेले आहे. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध याचिका दाखल केली. सप्टेंबर १९८७ मध्ये न्यायालयाने कानपूरच्या चर्मोद्योगांविषयी आणि जानेवारी १९८८ मध्ये कानपूर महापालिकेविषयी आदेश दिले. मेहता हे काही गंगाकाठचे जमीनमालक नव्हते. तरीही नदीचे प्रदूषण हा सार्वजनिक उपद्रव आहे, तो सर्वांनाच भोगावा लागतो, म्हणून त्याविरुद्ध दाद मागण्यास ते पात्र आहेत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. नदीविषयी बोलण्याचा हक्क सातबाऱ्यावर अवलंबून नाही, हे त्या दिवशी ठरले. बोलण्याचा हक्क अशा रीतीने मिळाला. उत्तर मिळण्याचा हक्क मात्र अजून मिळालेला नाही.

भोसले घाटाच्या पुढ्यातल्या पाण्याचाच दाखला घ्यावा. गंगा कृती योजनेच्या काळात, १९८९ साली, रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा कासवांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. काशीचे सारे प्रमुख घाट या पट्ट्यात येतात. भोसले घाटही येतो. सारनाथला कासवांची पिल्ले वाढवून येथे सोडली जात. अर्धवट जळालेल्या प्रेतांचे अवशेष त्यांनी खावेत आणि पाणी स्वच्छ ठेवावे, अशी कल्पना होती. अभयारण्य झाल्यामुळे वाळूउपशावर बंदी आली. त्या बंदीमुळे पैलतीरावर वाळू साचते, प्रवाह घाटांकडे रेटला जातो आणि घाटांच्या पायाखालची माती निसटते, असे प्रतिपादन काही नदीतज्ज्ञ करीत राहिले. पुढे हाच प्रवाह राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून विकसित होऊ लागला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये रामनगर येथे मालवाहतुकीच्या बंदराचे उद्घाटन झाले. मार्च २०२० मध्ये अभयारण्याची अधिसूचना रद्द करण्यात आली. सुमारे तीस वर्षे जे पाणी कासवांसाठी राखीव होते, ते एका अधिसूचनेने अराखीव झाले.

अभयारण्य रद्द करणे चूक होते असा माझा दावा नाही. कदाचित ते मुळात तिथे घोषित करणेच चूक असेल. नावाड्यांचे, वाळू काढून पोट भरणाऱ्यांचे, घाटावरच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांचे म्हणणे एकमेकांच्या विरुद्धही जाऊ शकते. पण ते समोरासमोर यावे, नोंदले जावे, त्याला उत्तर मिळावे, अशी जागा कायद्याने ठेवलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य स्थापताना जिल्हाधिकाऱ्याने जाहीरनामा काढून लोकांचे हक्क-दावे ऐकण्याची तरतूद आहे. ते उठविताना मात्र राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस पुरेशी होते. घेताना थोडेफार विचारायचे आणि सोडताना विचारायचेच नाही, अशी ही रीत आहे. लगेच पुढल्या वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यात, समोरच्या वाळवंटात सुमारे पाच किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला. नदीचा स्वभाव जाणणाऱ्यांनी काशीतच धोक्याचे इशारे दिले होते. त्याच पावसाळ्यात कालवा पुराखाली गेला आणि वाळूने भरून आला. यात गेलेला पैसा सार्वजनिक होता. इशारा देणाऱ्यांना ‘तुमचे म्हणणे या कारणासाठी मान्य नाही’ असे लेखी सांगण्याचे बंधन जर खोदणाऱ्यांवर असते, तर ते कारण लिहिताना तरी कोणाचा हात थबकला असता.

याचा अर्थ लोकांना नदीपाशी बोलावलेच जात नाही, असा मात्र नाही. उलट त्यांना सतत बोलावले जाते. घाट झाडायला, पुरानंतर पायऱ्यांवर बसलेला गाळ उपसायला, दिवे लावायला, शपथ घ्यायला, मानवी साखळी करायला. ‘लोकसहभाग’ या शब्दाला गेल्या काही दशकांत जो अर्थ प्राप्त झाला आहे तो हाच. लोकांच्या हाती खराटा द्यायचा आणि कागद आपल्याकडे ठेवायचा. श्रमदानाची थोरवी मी नाकारीत नाही. महाराष्ट्राला तरी ती नव्याने शिकवावी लागत नाही. परंतु ज्या नाल्याचे तोंड वरच्या अंगाला उघडे आहे त्याच्या खालची पायरी रोज झाडण्याने नदी स्वच्छ होत नाही, आणि ते तोंड कोणाच्या परवानगीने उघडे आहे, हे विचारणारा माणूस खराटा धरणाऱ्या माणसापेक्षा कमी देशभक्त ठरत नाही.

काशीत हा प्रश्न विचारला गेला नाही असेही नाही. १४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीच्याच राजेंद्रप्रसाद घाटावर झाला. त्याआधी चार वर्षे, १९८२ मध्ये, संकटमोचन मंदिराचे महंत आणि जलशास्त्राचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले होते. पहाटे गंगेत स्नान करणारा आणि दिवसा विद्यापीठात द्रवाच्या प्रवाहाचे गणित शिकविणारा हा माणूस नदीकडे दोन्ही डोळ्यांनी पाहत असे. तुळशी घाटावर त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि पाण्याचे नमुने तपासून आकडे लोकांसमोर ठेवण्यास आरंभ केला. योजनेतील यंत्रणा विजेवर चालणारी. वीज गेली की घाटांवरचे पंप थांबत आणि सांडपाणी थेट नदीत जाई, हे त्यांनी वारंवार दाखवून दिले. उताराचा उपयोग करून सांडपाणी गावाबाहेर नेणारी आणि तळ्यांच्या मालिकेत शुद्ध करणारी पर्यायी योजना त्यांनी मांडली. १९९० च्या दशकात वाराणसीच्या नगरनिगमाने तिच्या बाजूने कौल दिला. राज्यशासनाने तो मानला नाही. नागरी स्वराज्याला घटनात्मक दर्जा देणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ सालची. तिची शाई वाळते न वाळते तोच, शहराने स्वतःच्या मैल्याचे काय करावे हे शहराने ठरवू नये, असा निवाडा झाला. मिश्र २०१३ साली वारले. सन्मान त्यांना भरपूर मिळाले. त्यांच्या म्हणण्याला मिळावयास हवे होते ते उत्तर मिळण्यास फार उशीर झाला.

पुढे ७ ऑक्टोबर २०१६ च्या आदेशाने राष्ट्रीय गंगा परिषदेपासून जिल्हा गंगा समितीपर्यंत नवी उतरंड उभी राहिली. जिल्हा समितीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिच्यात नगरपालिका व ग्रामपंचायतींचे जास्तीत जास्त दोन प्रतिनिधी, दोन पर्यावरणप्रेमी, स्थानिक उद्योगांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी आणि बाकी खात्यांचे अधिकारी. लोकांची बाजू मांडणारी ही माणसे लोकांनी निवडावयाची नसून शासनाने नेमावयाची आहेत. उद्योगाला हक्काची एक खुर्ची आहे. नावाड्याला नाही, कोळ्याला नाही, मणिकर्णिकेवर पिढ्यान् पिढ्या चिता रचणाऱ्या डोमांना नाही. नदीत ज्यांचा दिवस जातो, त्यांना नदीच्या समितीत जागा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव राहिलेले, पुढे संन्यास घेतलेले प्राध्यापक गुरुदास अग्रवाल यांच्या मागण्यांत गंगेसाठी स्वतंत्र कायदा आणि लोकांची स्वायत्त परिषद यांचा समावेश होता. १११ दिवसांच्या उपोषणानंतर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ते गेले. ज्या माणसाने प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा उभी राहताना आतून पाहिली होती, त्याला शेवटी तिच्या दाराबाहेर अन्नत्याग करून बसावे लागले. याहून जळजळीत टीका त्या यंत्रणेवर कोणी लिहू शकेल असे मला वाटत नाही.

आता जिथे कायद्याने लोकांना विचारणे बंधनकारक आहे, तिथली स्थिती पाहू. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी आवश्यक झाली; एप्रिल १९९७ मध्ये जनसुनावणी सक्तीची झाली; आणि सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची आजची रीत ठरली. ही रीत वाचनीय आहे. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी. वर्तमानपत्रे जिथे पोहोचत नाहीत तिथे ढोल वाजवून, म्हणजे आपल्या भाषेत दवंडी पिटून, कळवावे. सुनावणी जिल्हाधिकाऱ्याने किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने चालवावी. हजर असलेल्या प्रत्येकाला बोलण्याची संधी द्यावी. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा. हे सारे उत्तम आहे. पण सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मंडपात कोणी नसले तरी ती पार पडते. बांधकाम प्रकल्प, उद्योग-वसाहतीतील बरेच कारखाने, राष्ट्रीय सुरक्षेशी वा ‘अन्य धोरणात्मक बाबींशी’ निगडित कामे यांना ती लागूच नाही. आणि शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल समोर ठेवून व्यवहारात भाषांतर होते ते त्याच्या सारांशाचेच.

रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन येथे १६ मे २०१० रोजी जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी झाली. नियोजित क्षमता ९,९०० मेगावॅट. अहवालाचा मराठी अनुवाद सुनावणीच्या तोंडावर हाती आला, तो वाचायचा केव्हा आणि समजून घ्यायचा केव्हा, ही गावकऱ्यांची तक्रार होती. आंबा, मासळी, समुद्रात सोडले जाणारे ऊन पाणी, किरणोत्सर्ग, भूकंप अशा कितीतरी प्रश्नांवर लोक बोलले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. पुढल्या एप्रिलमध्ये नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. सुनावणीत नीट उत्तर मिळाले असते तर विरोध मावळला असता, असे मी म्हणणार नाही. पण जिथे शब्दाला शब्द मिळत नाही, तिथे लोकांचा शब्दावरचा विश्वास उडतो, आणि मग रस्त्यावर जे घडते त्याला एकटा रस्ता जबाबदार नसतो. मराठीत ‘सुनावणे’ या क्रियापदाला खडसावून सांगण्याची छटा आहे. आपली जनसुनावणी त्या अर्थाला फार जवळ गेली आहे. लोकांचे ऐकण्यासाठी भरविलेल्या सभेत बहुधा लोकांनाच सुनावले जाते.

मार्च २०२० मध्ये या अधिसूचनेच्या जागी नवा मसुदा आला. त्यात सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत होता. त्यावर हरकती मात्र साऱ्या देशाकडून मागविल्या होत्या. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत प्रसिद्ध करावा, असा आदेश दिला. केंद्र सरकारने भाषांतर करण्याऐवजी त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. भाषांतराला किती दिवस लागले असते आणि किती खर्च आला असता, हा प्रश्न गौण आहे. साहित्याच्या क्षेत्रात आपण भारतीय भाषांच्या समानतेचा उद्घोष करतो, एका भाषेतील कविता दुसरीत नेण्यासाठी अकादमी स्थापतो, पारितोषिके देतो. परंतु ज्या कागदावर एखाद्या गावाचे पाणी आणि जमीन अवलंबून आहे, तो त्या गावाच्या भाषेत नेण्यास मात्र शासन न्यायालयात जाऊन नकार देते. भाषा फक्त कवितेपुरती समान असेल आणि कायद्यापुरती नसेल, तर ती समानता शोभेची आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी ओळखले पाहिजे. तो मसुदा अंतिम झाला नाही. मात्र त्यातली वृत्ती मसुद्याबरोबर गेली नाही.

उत्तराचे बंधन ही काही माझी स्वप्नाळू मागणी नव्हे. दक्षिण गोव्यातील एका खाणीच्या मंजुरीविरुद्ध उत्कर्ष मंडळ या संस्थेने दाद मागितली, तेव्हा नोव्हेंबर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की सुनावणीत आलेल्या हरकती मूल्यांकन समितीने विचारात घेतल्याचे आणि त्या का फेटाळल्या याची कारणे दिल्याचे दिसले पाहिजे. मोपा विमानतळाच्या प्रकरणात मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडविल्याबद्दल आणि विचार न करता दिलेल्या शिफारशीबद्दल कठोर ताशेरे ओढून मंजुरी स्थगित केली होती; जानेवारी २०२० मध्ये ती पुन्हा लागू झाली. तत्त्व न्यायालयांनी मान्य केले आहे. ते माडबनच्या मंडपापर्यंत आणि भोसले घाटाच्या पायरीपर्यंत आलेले नाही, एवढेच.

परवान्याची ही कथा. अंमलबजावणीची त्याहून वेगळी नाही. जलप्रदूषण कायद्यात १९८८ साली झालेल्या दुरुस्तीने सामान्य नागरिकालाही फिर्याद दाखल करण्याची वाट मोकळी झाली. अट अशी, की त्याने साठ दिवस आधी मंडळाला नोटीस द्यावी. म्हणजे नाल्याला दोन महिने मिळतात. नागरिकाने मागितल्यास मंडळाने संबंधित अहवाल त्याला द्यावेत, पण सार्वजनिक हिताला बाधक वाटल्यास नाकारावेत, असेही तिथेच लिहिले आहे. पाण्याचा नमुना कायद्याच्या दृष्टीने खरा ठरतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने, ठरलेल्या पद्धतीने घेतलेला. तुळशी घाटावर वर्षानुवर्षे रोज पाणी तपासणाऱ्याच्या वहीला तो दर्जा नाही. त्याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमात मात्र एक मोलाची ओळ आहे. सांडपाणी सोडण्याची संमती कोणत्या अटींवर दिली, याची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि त्या सांडपाण्याशी हितसंबंध असलेल्या वा त्याची झळ लागलेल्या कोणाही व्यक्तीला ती पाहता यावी. १९७४ पासून ही ओळ कायद्यात आहे. वाचकांपैकी किती जणांनी ती वही पाहिली आहे? ती कुठे ठेवतात हे तरी किती जणांना ठाऊक आहे? हक्क दडवायचा असेल तर तो रद्द करावा लागत नाही. त्याची दवंडी न पिटली की पुरते.

अलीकडे तर वारे उलटच दिशेने वाहत आहेत. २०२३ च्या कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची शिक्षा बहुतांशी काढून तिच्या जागी दंड आणला, आणि तो ठरविण्याचे काम खुल्या न्यायालयाकडून शासनाच्या अधिकाऱ्याकडे गेले. या कायद्याचे नाव ‘जनविश्वास’. जनांवर विश्वास ठेवणारा हा कायदा जनांच्या डोळ्यांसमोरून खटलाच उचलून नेतो. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आधी बांधकाम आणि मागाहून मंजुरी ही पद्धत बेकायदा ठरविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बहुमताने तो निकाल मागे घेण्यात आला. मागाहून मिळणारी मंजुरी म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला लगेच कळते. लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे ते आहे.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की हे विषय तज्ज्ञांचे आहेत. अडाणी माणसाला जैविक प्राणवायूची मागणी काय कळणार? खरे आहे, ते गणित त्याला कळणार नाही. पण पाण्याला वास कोणत्या वेळी येतो, मासा कोणत्या वर्षापासून मिळेनासा झाला, पंप रात्री किती वेळ बंद असतो, हे त्यालाच कळते, आणि तज्ज्ञाच्या अहवालात नेमके तेच नसते. दुसरा आक्षेप विलंबाचा. लोकांना विचारत बसलो तर कामे कधी होणार? त्यावर २०२१ च्या कालव्याकडे बोट दाखविणे पुरेसे आहे. न विचारता झालेले काम एका पावसाळ्यात वाहून जाते, आणि तोही एक विलंबच असतो. तिसरा आक्षेप सर्वांत खरा. सुनावणीत दांडगे लोक घुसतात, ठेकेदार माणसे आणून बसवितात, गावातला प्रबळ गट दुबळ्यांच्या वतीने बोलतो, आणि गंगेच्या बाबतीत तर तिला आई म्हणणारेच तिच्यात निर्माल्य आणि मैला सोडतात. हे सारे मान्य. त्यामुळेच कारणांसहित लेखी उत्तराची अट हवी. नुसती गर्दी मोजायची असेल तर दांडगा जिंकतो. मुद्द्याला मुद्दा द्यावयाचा असेल तर एकट्या विधवेची हरकतही हजारांच्या घोषणेइतकी वजनदार ठरते. आणि लोक स्वतः दोषी असतील तर सुनावणीत तेही त्यांना ऐकावे लागेल. उत्तराचे बंधन दोन्ही बाजूंना असते.

मागणे फार थोडे आहे. अहवाल पूर्ण, आणि जिथे सुनावणी आहे तिथल्या भाषेत असावा. तो वाचावयास पुरेसा वेळ मिळावा. प्रत्येक हरकतीला, ती फेटाळली तरी, कारणासहित लेखी उत्तर मिळावे आणि ते मंजुरीच्या कागदाचाच भाग असावे; उत्तराविना मंजुरी म्हणजे सहीविना दस्तऐवज. आणि संमतीची ती नोंदवही राजधानीतील कपाटातून निघून नदीच्या काठावर यावी. २०१८ च्या जुलैमध्ये हरित न्यायाधिकरणाने गंगाकाठी दर शंभर किलोमीटरवर फलक लावून तिथले पाणी पिण्यास आणि स्नानास योग्य आहे की नाही हे सांगावे, असा आदेश दिला होता. शंभर किलोमीटर कशाला, भोसले घाटाच्या वरच्या पायरीवर एक फळा असावा. त्यावर आजचा आकडा, वरच्या अंगाच्या नाल्याचे नाव, त्याला संमती देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि हरकत कुठे नोंदवायची याचा पत्ता असावा. हिंदीत असावा, बंगालीत असावा, तमिळमध्ये असावा; आणि घाट नागपूरकरांचा आहे, तेव्हा मराठीतही असावा.

दोन शतकांपूर्वी ज्यांनी हा घाट बांधला त्यांनी पायऱ्या केल्या, भिंत करून पाणी अडविले नाही. पायरी ही वर बसलेल्याने खाली उतरण्यासाठी असते, तशीच खाली असलेल्याने वर चढून येण्यासाठीही असते. आपल्या परवान्यांच्या व्यवस्थेला आज फक्त उतरण्याच्या पायऱ्या आहेत. आदेश वरून खाली येतात, दान वरून खाली येते, शपथ आणि खराटा वरून खाली येतो. खालून निघालेली हरकत मात्र पहिल्याच पायरीवर बसून राहते. अरबीतल्या त्या जुन्या शब्दाचा अर्थ हालचाल असा आहे, हे आठवून तिला वर चढू देणे, आणि ती वर आल्यावर तिच्याशी तिच्या भाषेत बोलणे, एवढे प्रजासत्ताकाने केले, तर भोसल्यांच्या घाटाचा अभिमान बाळगण्याचा आपला हक्क थोडाफार सिद्ध होईल.